विधीनं सोडलेलं गाणं

बालवाडी सुटायच्या वेळी शाळेच्या गेटसमोर उभ्या असलेल्या आईला फोनवर काहीही विचारू नये, असा सरकारनं एक कायदाच करायला हवा. त्या वेळात तिला कुणी राहतं घर विकू का म्हणून विचारलं, तरी ती 'हो, विका' म्हणेल आणि स्कूटरला किक मारेल.

रूपलचं त्या बुधवारी तसंच झालं. जळगावात रिंग रोडच्या बाजूला असलेल्या शाळेत ती धाकट्या अनुजला घ्यायला आली होती आणि पिकअप कार्ड घरी फ्रिजवर राहिलं होतं. वॉचमन तिला रोज बघत होता, पण कार्डाशिवाय मूल सोडायचं नाही असा त्याला हुकूम होता. शेवटी मोबाइलमधल्या कार्डाच्या फोटोवर भागलं. अनुज बाहेर आला तो एका पायात बूट, दुसऱ्या पायात नुसता मोजा आणि वर भोकाड पसरलेलं. मागे रिक्षावाले हॉर्नवरचा हात काढायला तयार नव्हते. तेवढ्यात सासूबाईंचा, भंवरीबाईंचा फोन आला. त्या नातीला, विधीला घेऊन जैन स्थानकात महासतीजींच्या, म्हणजे साध्वींच्या दर्शनाला गेल्या होत्या.

"बिंदणी, स्थानकातून बोलते. विधी नियम घेते म्हणते, आठ दिवसांचा. महासतीजी विचारतायत, आईची हो आहे का?"

"हो मांजी, हो."

"अगं, पण कसला ते तरी ऐक. ती म्हणते..."

"ऐकलं, ऐकलं. घेऊ द्या. अनुज, दुसरा बूट कुठे टाकलास?"

भंवरीबाईंनी आणखी एकदा विचारलं, तेव्हाही रूपल हो म्हणाली आणि फोन कमरेला खोचून बूट शोधायला आत धावली. पर्युषणाचा तो पहिला दिवस होता. घराघरातली मुलं महासतीजींसमोर हात जोडून काहीबाही सोडत असतात, कुणी चॉकलेट, कुणी टीव्ही, कुणी मोबाइल. विधीनंही तसलंच काही सोडलं असेल, एवढाच विचार रूपलनं केला आणि तो बूट सापडेपर्यंत विसरलीसुद्धा.

तिच्या डोक्यात आधीच काय कमी होतं? आठ वर्षांच्या विधीची शाळा सकाळची, अनुजची दुपारची. विधी दुपारी भटूच्या रिक्षानं घरी यायची, तोवर अनुजला तयार करून सोडायचं. मग विधीचं जेवण, अभ्यास, अनुजला आणणं आणि त्याला तसंच स्कूटरवर पुढे उभं करून विधीला गावाच्या दुसऱ्या टोकाला सुलक्षणाताईंकडे गाण्याला पोचवणं. क्लास चालू असताना भाजी, इस्त्रीचे कपडे, बँक. पुन्हा विधीला उचलायचं आणि सूर्य मावळायच्या आत सगळ्यांची ताटं वाढायची, कारण घरात चौविहार. अंधार पडला की पाण्याचा घोटही नाही. हिवाळ्यात दिवस लहान झाला की विधी मागच्या सीटवर बसूनच पराठा खायची. रूपलच्या पायाला भिंगरी होती आणि तोंडात एकच वाक्य होतं, "या क्लासनं माझा जीव घेतलाय." सिग्नलला थांबलं की ते वाक्य हमखास यायचं. रागानं नव्हे, सवयीनं. पण मागे बसलेल्या पोरीला राग आणि सवय यांतला फरक कोण सांगणार?

आणि आता तर खरी घाई होती. येत्या रविवारी सकाळी धुळ्याला मुलांचा गाण्याचा मेळावा होता. सुलक्षणाताई दर वर्षी आपल्या क्लासमधल्या एकाच मुलाला तिथे एकट्यानं गायला बसवत. यंदा त्यांनी विधीचं नाव दिलं होतं. नाव कळलं त्या दिवशी विधी रात्री झोपेत हातानं ताल देत होती. रूपलनं तिच्यासाठी मोरपंखी परकर शिवायला टाकला, तिच्या नवऱ्यानं, अखिलनं दुकानातल्या माणसांना पेढे दिले आणि सगळ्या नातेवाइकांना निरोप गेले.

गुरुवारी दुपारी भटूनं रिक्षा दारात उभी केली. विधी उतरून सरळ आत गेली.

"ताई, पोरगीनं काही बिघडेल शे का?" त्यानं विचारलं. "रोज रिक्षामा गानं म्हनत येस. आज बठ्ठा पोरे वरडी ऱ्हायंतात, आन ही एकलीच गुपचूप बशेल व्हती."

"घसा बसला असेल," रूपल म्हणाली आणि तिनं हळदीचं दूध गरम करायला ठेवलं. विधी ते निमूट प्यायली. घसा दुखतो का विचारलं तर नाही म्हणाली. संध्याकाळी क्लासहून आणलं तेव्हाही ती काही बोलली नाही. रूपल पोळ्या लाटत होती, खिडकीतून ऊन उतरताना दिसत होतं आणि फोन वाजला. सुलक्षणाताई होत्या. त्या कधी आवाज चढवत नसत आणि त्यामुळेच त्यांची जास्त भीती वाटे.

"रूपलताई, काल बसून राहिली, आज बसून राहिली. पेटी सुरू केली की मान खाली. विचारलं तर म्हणते, मम्मीला माहीत आहे. काय माहीत आहे तुम्हाला?"

रूपलला काहीच माहीत नव्हतं. तिनं लाटणं ठेवलं आणि विधीला स्वयंपाकघरात बोलावलं.

"गात का नाहीस?"

विधी तिच्याकडे बघत राहिली. "माझा नियम आहे ना. संवत्सरीपर्यंत, पुढच्या बुधवारपर्यंत गाणं म्हणायचं नाही."

रूपलला आधी वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "असला नियम घ्यायला तुला सांगितलं कुणी?"

"कुणी नाही. महासतीजी म्हणाल्या, ज्याला जे सगळ्यात जास्त आवडतं ते आठ दिवस सोडून बघा. सगळ्यांनी चॉकलेट सोडलं. मला चॉकलेट एवढं नाही आवडत."

"आणि मला विचारायचं नाही?"

"विचारलं की. दादीनं फोन केला होता." विधीचा आवाज बारीक झाला. "तू हो म्हणालीस."

तव्यावरची पोळी करपली. रूपलनं गॅस बंद केला आणि ती तशीच सासूबाईंच्या खोलीत गेली.

भंवरीबाई माळ फिरवत होत्या. पर्युषणात क्रोध करायचा नसतो, म्हणून दोघी सासवासुना हळू आवाजात भांडल्या. हळू आवाजातलं भांडण फार वाईट असतं, त्यात प्रत्येक शब्द ऐकू येतो.

"मांजी, रविवारी धुळ्याचा कार्यक्रम आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. म्हणून तर दोनदा फोनवर विचारलं. तू म्हणालीस ऐकलं, ऐकलं."

"मी गेटवर होते. अनुज रडत होता."

"ते मला तिथून कसं दिसणार?" भंवरीबाईंनी माळ मांडीवर ठेवली. "बिंदणी, सगळ्या बायका म्हणाल्या, एवढ्याशा पोरीनं केवढं सोडलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, तुम्ही दोघींनी मिळून ठरवलंय."

रूपल तणतणत बाहेर आली. तिनं अखिलला फोन लावला. तो मालाच्या सौद्यासाठी दोंडाईच्याला गेला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मांजी काय म्हणतात?" रूपलनं फोन बंद केला. बारा वर्षांच्या संसारात या माणसानं प्रत्येक अडचणीवर हाच एक तोडगा सांगितला होता.

शुक्रवारी तिनं विधीला तीन वेळा समजावलं. नियम म्हणजे काही तुरुंग नाही, लहान मुलांना सवलत असते, देवाला सगळं कळतं. विधी ऐकून घ्यायची आणि मान हलवायची, पण त्या मानेतून हो की नाही ते समजायचं नाही. संध्याकाळी सुलक्षणाताईंनी निकालच दिला. "शनिवारी पाचपर्यंत मला कळवा. नाहीतर ललितला बसवते. भडगावहून येतो तो मुलगा, त्याचीही तीच बंदिश बसलेली आहे. आणि हेही सांगून ठेवते, ऐन वेळी मागे सरलेल्या मुलाचं नाव मी पुन्हा लवकर देत नाही. माझ्याकडे बाकीचीही मुलं आहेत."

त्यात चूक काही नव्हतं. म्हणून तर रूपलला रात्रभर झोप लागली नाही. परकर शिवून आला होता आणि कपाटाच्या दाराला टांगलेला होता.

शनिवारी दुपारी ती स्थानकात गेली. बरोबर भंवरीबाई होत्या आणि विधी. अनुजला शेजारी ठेवलं होतं. महासतीजी पाटावर बसल्या होत्या, तोंडावर मुहपत्तीची पांढरी पट्टी, समोर पोथी. त्या मूळच्या पहूरच्या, त्यामुळे त्यांच्या मराठीत अजून गावाकडची गोडी होती. रूपलनं वंदना केली. विधीला बाहेर ओसरीवर इतर मुलींत बसायला पाठवलं आणि एका दमात सगळं सांगितलं, मेळावा, पाच वाजताची मुदत, ललित, सगळं.

महासतीजींनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "लहान मुलांना मी पालकांच्या अनुमतीशिवाय नियम देत नाही. तुमची अनुमती होती असं मला सांगितलं गेलं. होती का?"

हाच तो प्रश्न होता. रूपलला एका क्षणात सगळं दिसलं. 'नव्हती' एवढं म्हटलं की काम फत्ते. नियम आपोआप कच्चा ठरणार, उद्या सकाळी विधी धुळ्याला गाणार. फोनवर काय झालं त्याला साक्षीदार दोघीच, आणि त्यातली एक शेजारी मान खाली घालून बसलेली. भंवरीबाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. साठ वर्षं या स्थानकात येणाऱ्या बाईला भर पर्युषणात महासतीजींसमोर खोटं ठरवायचं होतं, आणि त्या एक शब्द बोलणार नाहीत हे रूपलला पक्कं माहीत होतं. भिंतीवरचं घड्याळ चारच्या पुढे गेलं होतं.

"होती," रूपल म्हणाली. "मी हो म्हणाले होते. मांजींनी दोनदा विचारलं. मी ऐकलंच नाही, नुसती हो म्हणाले."

भंवरीबाईंनी श्वास सोडला तो तिला ऐकू आला.

"न ऐकता दिलेली अनुमती," महासतीजी म्हणाल्या, "तिचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा. पण मुलीनं नियम समजून घेतलाय. रविवारच्या सकाळपुरती सूट हवी असेल तर ठेवता येईल, त्याचं प्रायश्चित्त तुम्ही घ्या. फक्त एक, ती तिनं मागायला हवी. तिला विचारा. माझ्यासमोर नको, बाहेर जाऊन विचारा. माझ्यासमोर मुलं शहाण्यासारखी बोलतात."

रूपल जवळजवळ धावतच बाहेर आली. तिनं विधीला हाताला धरून पायऱ्यांपाशी नेलं आणि खाली बसून तिच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "महासतीजी सूट देतायत. उद्या गायचं आणि परवापासून पुन्हा नियम. तू आत जाऊन फक्त एवढंच म्हण की मला सूट हवी. चल, पाच वाजायच्या आत ताईंना फोन करायचाय."

विधी हलली नाही.

"विधी, वेळ नाहीये."

"मला नकोय सूट."

"अगं, का? तुला गायचं नाही उद्या?"

"गायचंय." विधी पायानं पायरी घासायला लागली. "मला वाटलं होतं, तू नाही म्हणशील."

"म्हणजे?"

"महासतीजींनी विचारलं, सगळ्यात जास्त काय आवडतं. मी खरं सांगितलं, गाणं. मग दादीनं फोन केला. मला वाटलं तू म्हणशील, गाणं नाही सोडायचं, दुसरं काहीतरी सोड. तू लगेच हो म्हणालीस. दादीनं परत विचारलं तरी हो म्हणालीस." तिनं बाहीनं नाक पुसलं. "तू म्हणतेस ना, या क्लासनं जीव घेतलाय. मग मी म्हटलं, बरं. आठ दिवस तुला बरं वाटेल."

रूपलला म्हणायचं होतं, मला तुझं गाणं आवडतं गं. पण ते तरी कशाच्या जोरावर म्हणणार? मेळाव्याची बंदिश तिनं ऐकलीच नव्हती. क्लासच्या दाराशी ती विधीला उतरवायची आणि भाजीला निघायची. घरी विधी रियाजाला बसली की कुकरच्या शिट्ट्या, अनुजची रडारड आणि 'आवर लवकर.' परकराचा रंग तिला पाठ होता. रागाचं नाव विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

"मी चुकले," ती म्हणाली. "मी ऐकलं नव्हतं, विधी. तू गाणं सोडतेयस हे मला कळलं असतं तर मी नाहीच म्हणाले असते."

"खरंच?"

"खरंच. आता म्हणते, नाही. जा आत आणि सूट माग."

ओसरीवरून मुलींच्या हसण्याचा आवाज येत होता. रूपलचा फोन वाजायला लागला, सुलक्षणाताईंचं नाव दिसलं. विधीनं फोनकडे पाहिलं, मग आईकडे.

"पण मी घेतलाय ना नियम," ती म्हणाली. "तू ऐकलं नव्हतंस. मी तर ऐकलं होतं."

रूपलनं मनातल्या मनात सगळे मुद्दे उलटेपालटे करून पाहिले. आठ वर्षांची पोर. तिला रागावून आत नेता आलं असतं, लालूच दाखवता आली असती, रडून दाखवता आलं असतं. यातलं काहीही चाललं असतं, हे तिला ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिच्यानं ते झालं नाही. तिनं फोन उचलला.

"ताई, ललितला बसवा," ती म्हणाली.

मग सुलक्षणाताई म्हणाल्या, "ठीक आहे. पण ऐकायला घेऊन या. माझी सगळी मुलं येतात, गाणारी न गाणारी."

रविवारी सकाळी दोघी एसटीनं धुळ्याला निघाल्या. मोरपंखी परकर कपाटालाच राहिला, विधीनं साधा फ्रॉक घातला होता. भंवरीबाईंनी डबा बांधून दिला आणि दाराशी येऊन रूपलच्या हातात ठेवताना म्हणाल्या, "दिवसाउजेडी परत या." एवढंच, पण त्यांनी तिचा हात नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरून ठेवला. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. रूपलला सारखी धाकधूक होती, की सभागृहात गेल्यावर पोरगी रडेल, नाहीतर रुसेल, नाहीतर जन्मभर हे मनात धरून बसेल. विधी खिडकीतून कपाशीची शेतं बघत होती.

सभागृह भरलेलं होतं. मुलांच्या आया हातात पाण्याच्या बाटल्या आणि कंगवे घेऊन मागेपुढे पळत होत्या. रूपलला त्या क्षणी त्यांचा इतका हेवा वाटला, की तिनं नजर वळवली. सुलक्षणाताई विंगेत उभ्या होत्या. त्यांनी विधीला पाहिलं, मान हलवली आणि ललितला पुढे ढकललं.

ललित बसला. तंबोरा लागला. आणि आपल्या मुलीनं एवढे महिने जे घोकलं होतं, ते रूपलनं पहिल्यांदा ऐकलं, दुसऱ्याच्या मुलाच्या तोंडून. बंदिश चांगली होती. इतकी चांगली असेल असं तिला वाटलं नव्हतं. मध्ये एके ठिकाणी सूर हळूहळू वर चढत गेला आणि तिथे थोडा वेळ राहिला, तेव्हा रूपल सावरून बसली. विधी शेजारी ताठ बसली होती. तिचा उजवा हात आईच्या मांडीवर होता आणि त्या हाताची बोटं ताल मोजत होती, टाळी, मग करंगळी, अनामिका, पुन्हा टाळी. ओठ घट्ट मिटलेले.

टाळ्या झाल्या. विधीनंही वाजवल्या, अगदी मनापासून.

"छान म्हणाला," रूपल हळूच म्हणाली.

"छान म्हणाला. पण वरच्या सुरावर तो लवकर खाली येतो," विधी म्हणाली. "मी तिथे थांबते."

"कशी थांबतेस?"

विधीनं श्वास घेतला. तिचं तोंड उघडलं, गळ्याची शीर हलली, आणि रूपल नकळत पुढे झुकली. मग विधीनं तोंड मिटलं.

"आत्ता नाही. बुधवार संपल्यावर," ती म्हणाली. "पण मम्मी, तेव्हा क्लासच्या वेळी तुला भाजीला जायचं असेल."